फाटक असेल तसं

पहिलं. उघडं.

गाडी थांबते न थांबते तोच टेसने उडी मारली. समुद्रकाठच्या न्यूकॅसल शहराहून निघाल्यापासून दोन दिवस नऊ वर्षांची ही पोर याच कामाची वाट बघत होती: नेव्हिलकाकाच्या रानातली पाच फाटकं. उतरायचं, उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं. नियमही तिने पाठ केला होता. फाटक असेल तसं ठेवायचं. बंद तर बंद, उघडं तर उघडं.

"उघडंच आहे," ती हिरमुसून म्हणाली.

"मग बस आत," तिचा बाबा क्लाइव म्हणाला.

दुसरं. उघडं.

लॉर्ना नवऱ्याकडे बघत होती. तरुणपणी क्लाइव इथे मेंढ्यांवर कामाला होता. एकदा एक फाटक लावायचं विसरला, तर नेव्हिलने त्याला भरल्या ताटावरून उठवून अकरा किलोमीटर चालत परत पाठवलं होतं. ही गोष्ट तो सगळ्यांना हसत सांगायचा. आज त्याने ती काढली नाही.

तिसरं, चौथं. उघडी. चौथ्याच्या बुडाशी गुडघाभर लाल माती साचली होती.

"सगळी उघडी कशी?" टेसने विचारलं.

"आत ठेवायला काही उरलं नाही म्हणून," क्लाइव म्हणाला.

नेव्हिलच्या बायकोचा, बेरिलचा, फोन मंगळवारी आला होता, तिच्या बहिणीच्या घरून. सोमवारी नेव्हिलने दुष्काळातून उरलेल्या शेवटच्या चाळीस मेंढ्या स्वतःच्या हाताने गोळी घालून मारल्या. कुणी विकत घेईना आणि त्यांना उभंही राहवेना. तेव्हापासून तो बोलत नव्हता. "सुट्टीला निघालोय, वाटेत सहज आलो, असं सांगा," बेरिल म्हणाली होती. "आणि जाताना त्याची बंदूक घेऊन जा. मी मागितली तर देत नाही."

पाचवं. तेही.

नेव्हिल पायरीवर उभा होता. ताजी दाढी, धुतलेला शर्ट.

"पहिल्या फाटकाशी तुमची धूळ थांबलेली दिसली, तेव्हाच चहा टाकला," तो म्हणाला. सपाट रान. पायरीवरून पाचही फाटकांपर्यंतचा रस्ता दिसायचा. "पोट सुटलंय रे तुझं. शहरात मेंढ्यांमागे पळावं लागत नाही वाटतं?"

"इथे तरी कुठे..." क्लाइव बोलून गेला.

"तेही खरंच."

स्वयंपाकघर लख्ख होतं. बेरिलच्या हाताखाली ते कधी एवढं आवरलेलं नसायचं. तिघांनी काळा चहा घेतला. टेस बाहेर डॉटशी, नेव्हिलच्या कुत्रीशी, खेळत होती. क्लाइवने कप दोनदा फिरवला.

"तुझी बंदूक नेतो म्हणतो, थोडे दिवस. सशांनी वैताग आणलाय."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात?"

नेव्हिल आत गेला आणि चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन आला. "बेरिलला सांग, दिली म्हणून."

इतकं सोपं. लॉर्नाला एकदम हलकं वाटलं. निघताना नेव्हिल टेसला म्हणाला, "डॉटलाही घेऊन जा, बाळा. इथे तिला काही काम नाही."

"अरे, तुला सोबत नको का?" लॉर्ना म्हणाली.

"खायला सकाळ-संध्याकाळ दे," तो टेसलाच सांगत राहिला. "आणि रागावू नकोस. तिला सवय नाही."

पाचवं.

"असंच ठेवायचं ना?" टेसने खिडकीतून विचारलं.

क्लाइवला ते उघडं फाटक बघवेना. "लाव."

"पण बाबा, नियम..."

"मी सांगतोय ना? लाव. सगळी लाव."

डॉटने खाली उडी मारली, खांबाशी जाऊन बसली आणि घराकडे तोंड करून कळप यायची वाट बघू लागली. टेसने फाटक लावलं आणि तिला उचलून गाडीत घातलं.

चौथं. आधी हातांनी माती उपसली, मग लावलं.

तिसरं. साखळी गंजलेली. मायलेकींनी मिळून ओढली. लावलं.

दुसरं. टेस कडी घालत होती, तेवढ्यात क्लाइव मागे गेला. आत गोळी नाही ना, एवढं बघून घ्यावं म्हणून त्याने चादर सोडली आणि त्याचे हात थांबले. लॉर्ना उतरून आली.

बंदुकीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीने राखाडी झालेलं.

"चाळीस मेंढ्या," क्लाइव म्हणाला. "ह्या बंदुकीने नाही. दुसरी घरातच आहे."

दोघांनी एकदमच घराकडे पाहिलं. गाडीमागची धूळ अजून हवेत उभी होती.

"तो आपली धूळ बघत असेल," लॉर्ना म्हणाली. "आपण पहिलं फाटक ओलांडेपर्यंत थांबेल."

फोन लागेना.

दुसरं. बंद. उघडलं.

तिसरं. बंद. साखळी हलेना. क्लाइवने लाथा घातल्या, टेसने दोन्ही हातांनी ओढलं. सुटली.

"तुम्ही इथेच थांबा," क्लाइव म्हणाला. टेसकडे न बघता. लॉर्नाने मान हलवली, डॉटला खाली घेतलं. गाडी गेली.

"बाबा कुठे गेले?"

"काकाकडे काहीतरी राहिलंय."

डॉट खांबाशी बसली, घराकडे तोंड करून. टेसच्या तळव्यांना गंज लागला होता. तिने ते चड्डीला पुसले आणि पुन्हा फाटक धरलं.

"आई, हे लावू की असंच ठेवू?"

लॉर्ना दूरच्या धुळीकडे बघत होती. चौथ्या फाटकाशी धूळ थांबली. मग हलली.

पाचवंही बंद होतं. तिथे ती थांबली नाही.