दुसरं वाचन

“फादर, आजचं वाचन दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

मिस्साला, रविवारच्या उपासनेला, दहा मिनिटं होती. फादर झग्याच्या बाह्या सारख्या करत होते. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. वीस वर्षं हा माणूस वेदीजवळ उभा राहून शास्त्र वाचत आला होता. घसा बसला तरी त्याने कधी खाडा केला नव्हता.

“बरं नाही का?”

“बरा आहे. वाचायची लायकी नाही.”

फादरांनी कारण विचारलं नाही. “लायकी बघून वाचक निवडायचा तर पुस्तक मिटूनच ठेवावं लागेल,” ते म्हणाले. “जा. आणि स्वतःलाही ऐकू जाईल असं वाचा.”

तो बाकावर येऊन बसला, उठला, पुन्हा बसला. गेले तीन आठवडे असंच चाललं होतं. घरात बसवत नव्हतं, बाहेर करमत नव्हतं. बायकोने दोनदा विचारलं, तेव्हा पित्त झालंय म्हणून त्याने वेळ मारून नेली होती.

तो एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्त तपासायचा. तीन आठवड्यांपूर्वी, गडबडीच्या दिवशी, दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या भिजल्या आणि शाई फुटली. नियमाप्रमाणे दोन्ही रुग्णांचं रक्त पुन्हा मागवायला हवं होतं. त्याने चिठ्ठ्या सोलून काढल्या, नव्या लिहिल्या आणि चिकटवल्या. नेमक्या उलट चिकटवल्या. एका आजीबाईंना नको ते औषध गेलं. पाच दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. नशीब थोर म्हणून वाचल्या.

चौकशी झाली. चिठ्ठी रुग्णाच्या उशाशीच लावायची, ते काम रक्त काढणाऱ्या ताईंचं. ताई म्हणाल्या, मी बरोबर लावल्या होत्या. कुणी मानलं नाही. त्यांना घरी बसवलं. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्याने तोंड उघडलं नाही. विचारलंच नाही, म्हणजे आपण खोटं बोललो नाही, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. ती संध्याकाळपर्यंतही टिकायची नाही.

त्याची पाळी आली. वाचन बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं होतं. एरवी तो आठवडाभर तयारी करायचा. या वेळी मुद्दाम पान उघडलं नव्हतं. पौल सांगत होता, खोटं टाकून द्या, शेजाऱ्याशी खरं बोला, कारण आपण सगळे एकाच शरीराचे अवयव आहोत. तो तिथेच थांबला. पुढची ओळ समोर होती, पण डोळे तिच्यावर जाईनात. लोकांमधून कुणीतरी खोकलं. त्याने तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी हळू. मग उरलेलं वाचलं.

सोमवारी सकाळी तो सरळ लॅबच्या प्रमुखांपुढे जाऊन उभा राहिला. बाकीचे तिघे बाहेर यंत्रांपाशी होते. त्याने दार लावलं नाही.

“त्या चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या, साहेब. ताईंचा काही दोष नाही.”

प्रमुखांनी चष्मा काढला. “प्रकरण मिटलंय. कशाला उकरून काढताय?”

“मिटलं नाही. ताईंच्या माथी मारलंय.”

“तीन आठवडे तोंडात गुळणी धरून होतात. आजच काय झालं?”

लॅबमध्ये सगळे त्याला ‘बिशप’ म्हणायचे. डबा उघडण्याआधी तो छातीवर क्रूस काढायचा, म्हणून. अलीकडे तो उशिरा, एकटाच जेवायला जायचा. झोप लागत नाही, एवढंच सांगता आलं असतं. तेही खरंच होतं.

“काल चर्चमध्ये शास्त्र वाचायची पाळी माझी होती,” तो म्हणाला. बाहेरच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. “तो देवाचा शब्द आहे असं मी मानतो. ते वाचून परत इथे येऊन गप्प बसणं जमेना.”

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. प्रमुखांनी कोरा कागद पुढे सरकवला. त्याने उभ्याउभ्याच सगळं लिहिलं आणि खाली सही केली.

“उद्यापासून येऊ नका,” प्रमुख म्हणाले. “काय ठरेल ते कळवू.”

तिथून तो ताईंच्या घरी गेला. त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. ओली चादर हातात तशीच धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चादर झटकून दोरीवर टाकली, आत गेल्या आणि एक प्लास्टिकची डबी घेऊन आल्या. आत दोन नळ्या होत्या. चिठ्ठ्यांवर त्याचं अक्षर होतं.

त्याने वाकून ते अक्षर पुन्हा बघितलं. “या तुमच्याकडे होत्या? मग दाखवल्या का नाहीत?”

“तुम्ही कचऱ्यात टाकून दिल्यात, मी काढून घेतल्या. दाखवणारच होते. पण आधी चार लोकांत तुमच्या तोंडावर फेकायच्या होत्या. म्हणून मला घरी बसवलं त्या रविवारी चर्चपाशी आले. आतून तुमचा आवाज आला.” ताईंनी दोरीवरच्या चादरीची कड सारखी केली. “आमच्यात ते काही नसतं. तरी मागच्या बाकावर जाऊन बसले. वाटलं, हा माणूस हे असं वाचतो, तर याला आज ना उद्या बोलावंच लागेल. मग दर रविवारी येत राहिले.”

“कालही?”

“कालही. वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, हा प्रभूचा शब्द आहे. सगळे म्हणाले, देवाला धन्यवाद.” ताईंनी डबीचं झाकण लावलं. “मी म्हटलं, बघू.”