धाकोजी मिस्त्रींची जीभ

परळच्या आमच्या गिरणीत कापड पांढरं करायचं पाणी किती जहाल झालंय, ते धाकोजी मिस्त्री थेंबभर जिभेवर ठेवून सांगायचे. त्यांची मिस्त्रीगिरी त्या जिभेवरच होती. म्हणून मी रविवारी गिरगावात रसायनाच्या ज्या वर्गाला जायचो, तिथे ते माझ्या बाकावर येऊन बसले, तेव्हा मला हसूच आलं.

"काका, शिकवायला आलात?"

"गप रे. पाण्याचा जहालपणा मोजायची ती काचेची नळी असते ना, ती पाण्यात सोडून आकडा कसा वाचायचा, तेवढं दाखव."

"तुम्हाला कशाला नळी?"

"चार महिने झाले, जिभेला काही कळत नाही. डाळीत मीठ आहे की नाही तेसुद्धा. अंदाजाने सांगतोय. गेल्या महिन्यात जहाल पाण्यात तागे जळले ते माझ्यामुळेच. बोललास कुठे, तर घरी बसवतील मला."

मी बोललो नाही. आठ रविवार ते आकडे गिरवत राहिले.

मग एका सोमवारी गिरणीचा साहेब पाहुण्यांना घेऊन आमच्या खात्यात आला. "मिस्त्री, जरा चाखून दाखवा यांना."

सगळे कौतुकाने बघत होते. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

मिस्त्रींनी बंडीतून नळी काढली.

"चव गेली माझी, साहेब. आता मोजून सांगतो."