पोटातली वेल

“छाटा की मग!” ठकूबाई डॉक्टरांवर खेकसल्या.

नवऱ्याच्या, केरूनानांच्या, पोटातली मोठी धमनी फुगली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्यात जिवंत नळी बसवली होती. दोन्ही मांड्यांकडे एकेक फांदी नेणारी, आपली आपण वाढणारी. पण नाना पडले द्राक्षवाले. नळी जोमानं धरावी म्हणून त्यांनी वेलींच्या वाढीचं संजीवक रोज चमचाभर पोटात घातलं. आता तपासणीच्या पडद्यावर नुसतं रान माजलेलं दिसत होतं.

“कुठली छाटू, काकू? प्रत्येक फांदीतून रक्त वाहतंय. शेंडा तर काळजाकडे वळलाय. आता काही करता येणार नाही.”

नाना हसले. “घड तरी लागतील का, डॉक्टर?”

“गप बसा हो!” म्हणत ठकूबाईंनी त्यांच्या पोटावर हात ठेवला. हाताखाली काहीतरी हळूच वर सरकलं. त्यांनी हात काढला नाही.