उशीभर झोप

दिवा मालवून सून दाराशी घुटमळली. "बाबा, आज गोष्ट छोटी सांगा हं. भिंगरी आज पुन्हा वर्गात बाकावर डोकं टेकून झोपली होती."

आजोबांनी शहाण्यासारखी मान हलवली आणि खापर मोबाइलवर फोडलं. मोबाइल बिचारा महिनाभर कपाटात कुलूपबंद होता. झोपायची वेळ ठरलेली, संध्याकाळनंतर चॉकलेट बंद. सून सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसं करत होती. तरी सकाळी नातीचे डोळे सुजलेलेच.

सून गेली. शेजारच्या खाटेवर भिंगरी टक्क जागी.

जन्मभर गाद्या भरणाऱ्या आजोबांच्या थापाही कापसासारख्या. चिमूटभर घ्यायची, पिंजून खोलीभर करायची. पोरीनं लवकर आडवं व्हावं म्हणून मागे त्यांनी अशीच एक ठेवून दिली होती: घराला रोज एकच पोतं झोप मिळते, जो आधी झोपेल त्याच्या उशीत ती भरतात आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला नुसता अभ्रा. सांगून झाल्यावर स्वतःवरच खूश झाले होते.

"झोप की गं आता."

"आधी तुम्ही."

"मी कशाला?"

"तुम्ही रात्रभर कुशी बदलता. मीच सगळी घेतली तर तुम्हाला कुठली उरणार?"

आजोबांचा हात मानेखाली गेला. तिची फुलाफुलांची छोटी उशी. रोज पाणी पिऊन परत आलं की ही त्यांच्या उशीवर चढून बसलेली असायची. पोरगी लोळते फार, म्हणून उशी इकडे येते असं समजून ते ती परत सारायचे.

"अगं, थाप होती ती. झोप काय पोत्यातून येते?"

"थाप आत्ता मारताय," भिंगरी म्हणाली. "मी झोपावं म्हणून."

आयुष्यात एकदा खरं बोलायला गेले, तर तेही खपलं नाही.

त्यांनी डोळे मिटले. आधी बारीक, मग चांगलं खर्जात घोरायला लागले. इवलीशी बोटं त्यांच्या पापण्या चाचपून गेली. मग मानेखालची छोटी उशी अलगद सरकून तिच्या खाटेवर गेली.

"उरली थोडी," भिंगरी पुटपुटली, आणि तिचा श्वास संथ झाला.

सून डोकावली, दोघांना गाढ झोपलेलं पाहून हुश्श म्हणाली, आणि तिनं दार ओढून घेतलं.

आजोबा उजाडेपर्यंत घोरत राहिले, टक्क उघड्या डोळ्यांनी.