फुकटच्या चित्राची अट

मुलुंडच्या सुयोग दामल्यांनी मालवणी माशांच्या पाककृतींचं पुस्तक छापलं, दुकानांत पाठवलं, आणि मग सवडीने त्या वेबसाइटवरची बारीक अक्षरं वाचली, जिथून त्यांनी माशांची चित्रं उतरवून घेतली होती. चित्र फुकट वापरा, पण चित्रकाराचं नाव छापा, अशी अट होती. नाव पुस्तकात कुठेच नव्हतं. जन्मात मासा न खाल्लेल्या दामल्यांना घशात काटा अडकणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

आठवड्याभरात फोन आलाच. “चारकोपवरून मार्कस बोलतोय. तुमच्या पुस्तकात सुरमईच्या कालवणाच्या पानावर छापलेला मासा मी काढलाय.”

वाट लागली, असं मनात म्हणत दामल्यांनी फोनलाच हात जोडले. “चुकलं हो, मार्कसभाऊ. सगळ्या प्रती परत मागवतो, तुमचं नाव घालून पुन्हा छापतो.”

“अहो, नको ना!” मार्कस ओरडलाच. “मी तर थँक्यू बोलायला फोन केला. तो बांगडा आहे, साहेब. खाली माझं नाव असतं तर अख्खं गावठाण बोललं असतं, मार्कसला सुरमई ओळखता येत नाही!”