आपल्या पिनकोडला मिळणारी क्रीम

पुण्याची मावसबहीण लावते ती क्रीम आपल्या पिनकोडला येत नाही, असं ॲपवर दिसताच तनुजाने तशाच डबीतली दुसरी मागवली. आठवड्यात गाल असे काही उजळले, की बचत गटातल्या झाडून सगळ्या बायकांनी तिच्याच मोबाइलवरून तीच क्रीम मागवली.

आज सकाळी तिच्या गालांची सालटं निघाली. हात लावावा तर नुसती आग! ती ओढणीने तोंड गुंडाळून शेजारच्या लग्नघरी धावली.

नवरी मंजिरी आरशापुढेच बसली होती. "तनू, बघ गं! चार दिवसांत तुझ्यासारखी चमकायला लागले. आता लग्नापर्यंत रोज दोनदा लावणार."

"आम्हीपण!" जमलेल्या गटातल्या बायका खिदळल्या.

तनुजाने हळूच ओढणी सोडली.

एकेकीचा हात आपापल्या गालाकडे गेला.