तीन शिट्ट्या

राष्ट्रीय उद्यानातल्या दरीच्या काठावर रेंजरकाकूंनी माझी तोंडी परीक्षा घेतली. "खडकांत अडकलीस तर काय करशील?"

"जागा सोडायची नाही. तीनदा शिट्टी फुंकायची. मग कोणीतरी येतं."

त्यांनी माझ्या शर्टाला बालरेंजरचा लाकडी बिल्ला लावला आणि गळ्यात शिट्टी घातली.

गाडी सुरू होताच बाबा पुन्हा आईवर घसरले. "नकाशा गाढवाच्या हातात दिला असता लोरेटा, तर आत्तापर्यंत पोचलो असतो!" यूटाच्या वाळवंटात तीन दिवस हेच चाललं होतं. आई खिडकीतून लाल कड्यांकडे बघत राहिली.

मी मागच्या सीटवरून तीनदा शिट्टी फुंकली.

"इथे कोण अडकलंय गं, टवळे?" बाबा खेकसले.

आईने हात मागे केला. मी शिट्टी तिच्या हातात दिली.

"शाबास! एक तरी काम धड केलंस," बाबा तिला म्हणाले.

पुढच्या उद्यानाच्या फाटकाशी बाबांनी काच खाली करून पास दाखवला. रेंजर वाकून हसला. "काय, कशी चाललीय सहल?"

"एकदम मजेत!" बाबा म्हणाले.

आईने शिट्टी ओठांना लावली आणि तीनदा फुंकली.